जांभळ्या उजेडातलं पाणी

सोडियमचे दिवे आवाज करतात हे मला त्यांचा आवाज गेल्यावर कळलं. चार वर्षं चोकची ती घुरघुर माझ्या डोक्यावर होती आणि मी ती कधी ऐकलीच नव्हती. मग एका रविवारी गोडाऊनच्या अर्ध्या भागातले सोडियम उतरले, तिथे एलईडीच्या लांब पट्ट्या लागल्या, आणि त्या बाजूला पाय टाकला की कुणीतरी मागून येऊन दोन्ही कानांवर हात ठेवल्यासारखं होऊ लागलं. उजेड भरपूर होता. जांभळट-गुलाबी, डोळ्यांना खुपणारा. त्यात माझे हात दुसऱ्या कुणाचे वाटायचे आणि रोपांची हिरवी पानं काळी दिसायची.

मी कोकणातली, खाडीकाठच्या एका गावची. सातवीनंतर शाळा सुटली. आई आजारी पडली, घरात करणारं कुणी नव्हतं, आणि वर्षभर घरी राहिल्यावर लहान मुलींबरोबर वर्गात जाऊन बसायची लाज वाटली. लग्नानंतर नवऱ्याला बोरगावच्या एका कारखान्यात मशीनवर काम मिळालं म्हणून आम्ही नागपूरच्या पलीकडे, सौंसरला आलो. पहिला महिनाभर इथली भाषा मराठीच आहे हे मला पटत नव्हतं. दुकानदार विचारायचा, "काय पाहून राहिल्या ताई?" आणि मला वाटायचं, आपण काहीतरी पाहू नये ते पाहून राहिलो आहोत.

सरांनी आम्हाला खोली दिली. सर म्हणजे निवृत्त शिक्षक; सौंसर-बोरगाव रस्त्यावर त्यांची पन्हेरी आहे, संत्र्याच्या कलमांची रोपवाटिका. खोली पन्हेरीच्या मागच्या बाजूला, आणि तिच्या बदल्यात नाही, वेगळ्या पगारावर, मी पन्हेरीत कामाला लागले. नवऱ्याला कावीळ झाली तेव्हा सर त्याला स्वतःच्या गाडीतून नागपूरला घेऊन गेले. सरांच्या घरच्या काकूंनी आठ दिवस आमचा डबा केला. मी नवऱ्याजवळ बसून होते आणि त्या आठ दिवसांत दोन कॅरेट रोपांना पाणी द्यायचं राहिलं. उन्हाळा होता. परत आले तेव्हा रोपं कागदासारखी वाजत होती. सर आले, त्यांनी एक वाळकं रोप उपटून हातात फिरवून पाहिलं आणि ते खिशात घालून निघून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. तेव्हापासून मी कुठल्याही रोपाजवळून झारी न उचलता गेले नाही.

संत्र्याचं कलम करायचं तर आधी जंभेरीचं रोप लागतं. जंभेरी हे एक रानटी लिंबू. त्याच्या बिया पेरायच्या, रोप वाढवायचं, खोड पेन्सिलीएवढं जाड झालं की त्यावर संत्र्याचा डोळा, म्हणजे सालीसकट काढलेला कोंब, बांधायचा. मूळ जंभेरीचं, फळ संत्र्याचं. जंभेरीची रोपं बाहेर हिवाळ्यात थंडीने थांबतात आणि सायला नावाची बारीक कीड त्यांच्यावर बसते. म्हणून सरांनी कापूस साठवायचं जुनं गोडाऊन घेतलं, खिडक्यांना बारीक जाळी मारली, लोखंडी मांडण्या लावल्या आणि वर सोडियमचे दिवे टांगले. पूर्वी रस्त्यावर असायचे तसे पिवळे, मोठे. त्यांच्याखाली हिवाळ्यातही चैत्र असायचा. सकाळी काम सुरू करायच्या आधी मी दिव्याखाली हात शेकायची.

सरांची एक पद्धत होती. रोज सकाळी एक कॅरेट ओसरीत उन्हात आणायचं आणि सगळ्यांनी मिळून पाहायचं. "दिव्याचा उजेड खोटं बोलते," ते म्हणायचे. "पान पाहाचं त उन्हात पाहा."

आणि मावशी. मावशी माझी कुणी नव्हे. सगळी पन्हेरी तिला मावशी म्हणते. डोळे बांधण्यात तिचा हात धरणारं आमच्या भागात कुणी नाही. तिचा नवरा डोळे बांधायचा, त्याला दिसेनासं झालं तसं त्याने तिला शिकवलं. चाकूने खोडावर खाच करणार, डोळा आत सरकवणार, पट्टी गुंडाळणार, आणि हे सगळं तोंडाने कुणाची तरी उणीदुणी काढता काढता.

मावशीचं स्वतःचं एक एकर रान होतं. त्यात संत्र्याची बाग होती, ती डिंक्याने गेली. खोडातून डिंक गळायचा, झाडं शेंड्याकडून वाळत यायची. शेवटी सगळी झाडं मुळासकट काढली, जाळली, आणि त्या रानात सात वर्षं तिने संत्र्याचं नाव काढलं नाही. ज्वारी घेतली, हरभरा घेतला. मातीतली ती बुरशी मरायला इतकी वर्षं लागतात असं तिच्या नवऱ्याचं मत होतं. या हिवाळ्यानंतर, उन्हाळा लागायच्या आत, ती जंभेरी लावणार होती. थेट रानात. आणि तिथेच उभ्या झाडावर स्वतः डोळे बांधणार होती.

"लोकाईच्या झाडाले हजारो डोळे बांधले म्या," ती म्हणायची. "आता माह्या झाडाले बांधतो. मंग डोळे मिटले तरी चालन."

तिची सव्वाशे रोपं आमच्याच गोडाऊनमध्ये वाढणार होती. सरांनी तसा शब्द दिला होता.

त्याच हिवाळ्याच्या सुरुवातीला ताई एलईडी घेऊन आल्या. ताई सरांची मुलगी, शेतीचं शिकलेली, नागपूरला नोकरी करते, दर रविवारी येते. सोडियमचे बल्ब आता मिळेनासे झाले होते. एक गेला की सर नागपूरभर चार दुकानं पालथी घालायचे. ताईंचं म्हणणं होतं की एकदम सगळं बदलू नका, अर्धं अर्धं करून पाहू. एकाच दिवशी पेरलेलं बी, एकच माती, एकाच मापाच्या पिशव्या. मधे जाड काळी ताडपत्री. उजवीकडे सोडियम, डावीकडे एलईडी. हिवाळा संपेल तेव्हा फुटपट्टी लावू आणि ज्याची रोपं चांगली ते दिवे ठेवू.

पहिल्या दिवशी मावशी ताडपत्री बाजूला करून आत डोकावली.

"अवं कोकणी, हे काय करून ठेवलं वं तुह्या सरानं? जत्रेतल्या आइस्क्रीमच्या गाडीवानी दिसून राह्यलं!"

"मावशी, हळू. सर इथेच आहेत."

"आयकू दे. मास्तर हाये तो, त्याले आयकाची सवय कुठं हाये."

सर मांडणीच्या पलीकडून म्हणाले, "मावशे, ऐकून राहिलो मी."

"मंग सांगा ना. ह्या दिव्यात माणूस मेल्यावानी दिसते, रोप काय जगन?"

"रोपाले जेवढा लाल अन् निळा लागते तेवढाच आहे यात. बाकीचा फालतू उजेड नाही."

"फालतूच बरा होता बाप्पा. त्यात हात तरी शेकत होते."

ताई हसल्या. मग त्यांनी मला जवळ घेऊन दोन गोष्टी सांगितल्या. एक, आता कुठलंच कॅरेट बाहेर उन्हात काढायचं नाही. बाहेर गेलेलं आत येताना कीड घेऊन येतं, आणि तुलना करायची तर दोन्ही बाजूंना हाच नियम. दुसरी, पाणी. "वहिनी, उजवीकडे रोज, तुम्ही देता तसंच. डावीकडे तिसऱ्या दिवशी. तेही कॅरेट उचलून पाहायचं, हलकं लागलं तरच. हे दिवे तापत नाहीत, माती सुकत नाही."

मी हो म्हटलं. मला कळलंही होतं. न कळल्याचं निमित्त माझ्याकडे नाही.

पहिला आठवडा मी तसंच केलं. पण तिसऱ्या दिवसाची वाट पाहणं माझ्याने होईना. सोडियमखाली माती सुकली की फिकी पडते, पिशवीच्या कडेपासून सुटते, लांबूनच कळतं. या जांभळ्या उजेडात ओली माती आणि कोरडी माती दोन्ही सारखीच काळी. कॅरेट उचललं तर जड लागायचं, पण मला वाटायचं मीच थकले असेन म्हणून जड लागतंय. मग ती वाळकी दोन कॅरेटं आठवायची. मग मी थोडंसं द्यायची. अर्धी झारी. दुसऱ्या दिवशी पुन्हा अर्धी. आणि या भागात, जिथे वैशाखात माणसं विहिरीच्या तळाकडे पाहत बसतात, पाणी दिलं म्हणून कुणी कुणाला बोलत नाही. मला झारी घेऊन जाताना सरांनी पाहिलं होतं. मावशीने पाहिलं होतं. "देते बापा पोरगी मन लावून," असंच ती म्हणाली.

पौष लागला. सातपुड्यावरून वारा उतरायला लागला की गोडाऊनचा पत्रा सकाळी कडकड वाजतो. उजवीकडे मी पदर खोचून काम करायची, डावीकडे जाताना स्वेटर घालायची. ताडपत्रीच्या दोन बाजूंना दोन ऋतू होते. तिकडे काहीतरी बदलत होतं असं मला वाटायचं आणि काय ते दिसायचं नाही. पिशव्यांच्या खाली लोखंडी पट्टीवर एक बुळबुळीत साय धरली होती. मी ती पुसली. दोन दिवसांनी पुन्हा आली. वासही होता, फार नाही. पाणी भरून ठेवलेला माठ बरेच दिवस धुतला नाही तर येतो तसा. मी खाली वाकले की यायचा, उभी राहिले की जायचा. मी कुणाला बोलले नाही.

कारण वर रोपं देखणी होती. सोडियमखालची उंच, बारीक, मान लांब करून दिव्याकडे धावलेली. एलईडीखालची बुटकी, पेरं जवळजवळ, पानं जाड. माघातल्या एका रविवारी ताई फुटपट्टी घेऊन फिरल्या, खोडाची जाडी मोजली, वहीत लिहिलं आणि वही सरांपुढे ठेवली. सरांचा चेहरा असा फुलला की मलाच भरून आलं. पांढुर्ण्याहून ओळखीचे दोन पन्हेरीवाले पाहायला आले होते. सरांनी त्यांना हाताला धरून डावीकडे नेलं. "पाहा, पोरीनं केलं हे. पुढच्या वर्षी पूर्ण गोडाऊन एलईडी. पक्कं." पाहुणे जांभळ्या उजेडात मान डोलवत होते. त्यांचे दात निळे दिसत होते.

मावशीनेही आपली सव्वाशे रोपं डावीकडूनच निवडली. प्रत्येक खोड चिमटीत धरून पाहत गेली.

"उंच पोरी नाई पाह्यजे मले," ती म्हणाली. "ह्या बुटक्या बऱ्या. ठसठशीत हायेत. वारा आला तरी पाय नाई सोडणार."

लावणी गुरुवारी ठरली. त्याआधी मंगळवारी जामसांवलीला, निजलेल्या मारुतीच्या देवळात जायचं. मावशीच्या घरची रीत अशी की बाग लावायची तर त्यातलं पहिलं रोप मारुतीपुढे ठेवून आणायचं आणि तेच पहिल्या खड्ड्यात लावायचं. ती मला बरोबर घेऊन गेली, कारण तिच्या एका हातात नारळ आणि तेलाची बाटली होती आणि दुसऱ्या हाताने तिला नवऱ्याचा हात धरायचा होता. रोप माझ्याकडे आलं. ओल्या लाल फडक्यात गुंडाळलेलं.

ऑटोत मी ते मांडीवर घेऊन बसले होते. ऊन तिरकं आत येत होतं. रस्त्यावर एक खड्डा लागला, फडकं सरकलं, आणि त्या रोपाची पानं मी जन्मात पहिल्यांदा उन्हात पाहिली.

पान हिरवं होतं. पण मधली शीर पिवळी होती. खालच्या चारपाच पानांची, देठापासून टोकापर्यंत, पिवळ्या धाग्याने शिवल्यासारखी. मी फडकं पुन्हा वर ओढलं. ताईंनी मला एकदा एका आजारी झाडाचा फोटो दाखवला होता: मूळ सडायला लागलं की पान आधी शिरेत पिवळं पडतं. बुरशी तीच, त्या म्हणाल्या होत्या. मुळाला लागली की मूळकूज, खोडाला चढली की डिंक्या.

मावशी पुढे ऑटोवाल्याशी भांडत होती की त्याने तिला मंदिराच्या कमानीपर्यंत का नेऊ नये. तिचा नवरा माझ्या शेजारी होता. त्याला दिसत नव्हतं. तो मान वर करून वाऱ्याचा वास घेतल्यासारखा बसला होता आणि हसत होता.

निजलेल्या मारुतीपुढे मी ते रोप फडक्यासकट ठेवलं. मावशीने डोळे मिटले. ओठ हलत होते. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हटलं, देवळात कसं बोलू. परत येताना म्हटलं, ऑटोत कसं बोलू, म्हातारा ऐकेल. माणूस भ्याला की त्याला जागा सापडत नाही.

त्या दुपारी मी एकटी गोडाऊनमध्ये शिरले आणि डावीकडच्या सहा पिशव्या फाडल्या. पाचांची मुळं तपकिरी, काळी. बोटात धरून ओढलं की वरची साल मोज्यासारखी निघून यायची आणि आत केसासारखा दोरा राहायचा. सहावं अर्धं पांढरं, अर्धं गेलेलं. तो माठाचा वास आता उभी राहिले तरी येत होता. मग मी ताडपत्रीच्या उजवीकडे जाऊन सहा पिशव्या फाडल्या. रोपं लांबुडकी, हडकुळी, पण मुळं पांढरी, दाट.

लोक मला आजही विचारतात, एलईडी सोडियमची बरोबरी करतात का. करतात. पुढच्या हिवाळ्यात ताईंनी पुन्हा लावले, या वेळी पांढऱ्या उजेडाचे, म्हणजे पान पानासारखं दिसेल. खाली तापणारी पट्टी टाकली, पाणी वजनकाट्यावर कॅरेट ठेवून. रोपं वरूनही चांगली आली, खालूनही. सोडियम नुसता उजेड देत नव्हता, तो खोली तापवत होता आणि मी जास्त ओतलेलं पाणी रोज मुकाट्याने उडवून टाकत होता. चार वर्षं माझी चूक तो झाकत होता. तो गेला आणि चूक तशीच उभी राहिली. हे आता मी नीट सांगू शकते. त्या मंगळवारी माझ्या हातात फक्त सडकी मुळं होती आणि गुरुवारी लावणी होती.

मुळं ओंजळीत घेऊन मी सरांकडे गेले. ते ओसरीत पेपर वाचत होते. त्यांनी चष्मा वर केला आणि मुळांकडे पाहिलं.

"किती पाहिली?"

"सहा. पाच गेलीत."

"पाणी जास्त झालं का?"

"झालं असेल," मी म्हटलं. दिलं असेन, असं नाही म्हटलं.

सरांनी पेपराची घडी केली, मग उलगडली, मग पुन्हा केली. "ऊन लागलं का सुधरते कधी कधी. सहा म्हणजे सगळी नाही, बेटा. रविवारी ताई येते. तिले दाखवू. तोपर्यंत कोणाले बोलू नको."

"सर, मावशी परवा लावणार आहे."

"मी पाहतो."

"तिच्या मातीत गेलं तर..."

"मी पाहतो म्हटलं ना." आवाज चढला नव्हता. ते माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत होते. "पोरीचं आत्ता कुठं नाव झालं. पांढुर्ण्याचे लोक येऊन पाहून गेले. एकदम काही बोलून नको बसू."

बुधवार गेला. मी दिवसभर ओसरीवर लक्ष ठेवून होते. सर मावशीशी तीनदा बोलले. एकदा चहाबद्दल, एकदा टेम्पोबद्दल, एकदा नुसतेच. ती काल देवाला दाखवलेलं रोप आमच्या दाराशी ठेवून गेली होती, तिच्या घरी रात्री म्हातारा चुकून त्याला पाय लावील म्हणून. मी ते सावलीत सरकवलं. माझा नवरा कामावरून आला, मी त्याला सांगितलं. तो हात धुता धुता थांबला. "खोली सरांची आहे," तो म्हणाला. मग म्हणाला, "माझ्या काविळीत सर नसते तर." आणि पुन्हा हात धुवायला लागला.

गुरुवारी सकाळी टेम्पो आला. कॅरेट भरायच्या आधी मी सगळ्या रोपांना पाणी दिलं. वाटेत ऊन लागेल म्हणून. हात आपोआप झारीकडे गेला. थेंब पडायला लागल्यावर मला कळलं मी काय करतेय, तरी मी हात आवरला नाही. सर फाटकाशी उभे होते. मी टेम्पोत मागे बसले, तो निघताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान किंचित हलवली. नको, अशी की जा, अशी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मावशीचं रान बोरगावच्या पलीकडे. खड्डे ओळीत, दोरी लावून खणलेले, प्रत्येकात शेणखत टाकलेलं. तिचा नवरा बांधावर बाजेवर बसला होता, धुतलेलं धोतर नेसून. टेम्पोवाल्याने पहिली चार कॅरेटं उतरवून खड्ड्यांच्या कडेला ठेवली.

"आण वं कोकणी," मावशी पहिल्या खड्ड्यापाशी गुडघ्यावर बसत म्हणाली. "देवाचं आण पह्यले. अन् तोंड कायले असं केलं? तुह्या पोरीचं लगन लावून नाई राह्यलो म्या."

मी ते रोप घेऊन गेले. तिने हात पुढे केला. मी दिलं नाही.

"दे ना वं."

मी पिशवी ब्लेडने उभी चिरली, माती झटकली आणि मुळं तिच्यासमोर धरली. ती पाहत राहिली. एवढ्या वर्षांची जाणती बाई. तिला सांगावं लागणार नव्हतं. पण बहुतेक तिला आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नव्हता. तिने ते रोप माझ्या हातातून घेतलं, बांधावर गेली आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"पाहा बरं हे."

म्हाताऱ्याने मुळं चाचपली. अंगठ्याने एक मूळ ओढलं, साल निघून त्याच्या बोटात राहिली. ती त्याने नाकाशी नेली. त्याचा चेहरा हळूहळू म्हातारा होत गेला. तोवर तो मला कधी म्हातारा वाटला नव्हता.

"तेच हाये," तो म्हणाला. "कुठून आणलं?"

"मास्तरच्या इथून."

"माह्या रानात टेकवू नको ते."

मावशी माझ्याकडे वळली. "मास्तरले माहीत होतं?"

मी हातातलं ब्लेड पदराला पुसलं. तिला उत्तर मिळालं.

"पाणी कोणं देलं एवढं?"

"मी. ताईंनी नको सांगितलं होतं. मीच दिलं, रोज दिलं."

ती शिवी देईल म्हणून मी वाट पाहिली. तिच्या तोंडात शिव्यांना तोटा नव्हता. कलमाच्या पट्टीला, उन्हाला, ऑटोवाल्याला, सगळ्यांना ती द्यायची. मला दिली नाही. ती टेम्पोवाल्याला म्हणाली, "भर वापस. सगळे कॅरेट भर. अन् रानाबाहीर जाऊन चपला झटक." मग तिने खाली पाहिलं, आणि मीही तेव्हाच पाहिलं. चार कॅरेटं उचलली होती, तिथे मातीवर चार ओले चौकोन राहिले होते. सकाळचं माझं पाणी. पिशव्यांच्या भोकांतून गाळासकट गळून काळ्या जमिनीत उतरत होतं, आणि आम्ही बघत होतो तेवढ्यातच ते आणखी खाली गेलं.

मावशीने फावडं माझ्या हातात दिलं आणि घमेलं पुढे सरकवलं.

"उचल ते. रस्त्यावर नेऊन टाक."

मी खणायला लागले. पहिला थर ओला होता, तो घमेल्यात भरला, डोक्यावरून रस्त्यापलीकडे नेऊन टाकला. दुसरा ओलसर. तिसऱ्याला माती कोरडी लागली, पण कोरड्या मातीत काय आहे आणि काय नाही हे कुणाला दिसतं. वीतभर झालं. मी मान वर केली. बांधावरून म्हाताऱ्याने विचारलं, "किती खाली जाते वं ते?"

मी पुन्हा फावडं मारलं.

"म्या सांगन तवा थांब," मावशी मला म्हणाली आणि बाजेच्या कडेला नवऱ्याजवळ जाऊन बसली. ऊन डोक्यावर आलं. हातभर खड्डा झाला, मग दुसरा, मग तिसरा. मी दर घमेल्यानंतर तिच्याकडे बघत होते. ती माझ्याकडे नाही, खड्ड्याकडे बघत होती. थांब असं ती म्हणाली नाही.